बडग्या जळतो, चेहरा मागे राहतो

पोस्ट लांब आहे. सवड असेल तेव्हा वाचा. पण अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढी विनंती.

शनिवारी, २३ ऑगस्टला, आपली मारबत निघाली. यंदाच्या बडग्यांमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प होते. भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ लावतो म्हणून लोकांनी त्यांचा पुतळा करून इतवारीच्या गर्दीतून फिरवला. व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील, देशभर फिरले. मीही एक फोटो टाकला होता. त्याखाली ओळखीच्या एका गुरुजींनी लिहिलं, "भाऊ, ट्रम्पला थोडंच समजणार आहे? कागदाचा माणूस जाळून टॅरिफ कमी होतो का?"

प्रश्न चुकीचा नाही. पण मी पस्तीस-एक वर्षं हातात ब्रश धरून पोट भरलेला माणूस आहे. उत्तर द्यायला बसलो आणि ते कमेंटच्या चौकटीत मावेना. म्हणून ही पोस्ट.

मी कळमन्यात राहतो, मार्केट यार्डाच्या गेटपासून पायी दहा मिनिटांवर. धंद्याने पेंटर. फ्लेक्स आल्यापासून पेंटर म्हणजे शटरवर नाव टाकणारा आणि ट्रकच्या मागे 'हॉर्न' लिहिणारा माणूस. पण एक काळ असा होता की यार्डातल्या अडत्यांच्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या होत्या. निवडणूक आली की झोप नाही. सकाळी एका भिंतीवर पंजा, दुपारी कमळ, संध्याकाळी हत्ती. पैसे रोख घ्यायचे आणि कोणाचा विचार कोणता ते विचारायचं नाही, असं माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं.

ही चिन्हं आली कुठून, याचा मी तेव्हा कधी विचार केला नाही. १९५१-५२ ला पहिली निवडणूक झाली तेव्हा देशात शंभरातल्या अठरा जणांनाच लिहिता-वाचता येत होतं. बाकीच्यांनी मत द्यायचं कसं? म्हणून चित्र. पुढे बरीच वर्षं दिल्लीला निवडणूक आयोगात एम. एस. सेठी नावाचे ड्राफ्ट्समन ही चिन्हं पेन्सिलीने काढत. १९९२ ला ते निवृत्त झाले. त्यांचं नाव कोणत्याही पुढाऱ्याच्या भाषणात येत नाही. पण आपण ज्या कंगव्यावर, शिट्टीवर, पतंगावर बोट ठेवतो, तशी कितीतरी चित्रं त्या एका माणसाच्या टेबलावर तयार झाली. लोकशाहीत चित्रकाराचं काम काय, असं कोणी विचारलं तर मी आधी सेठींचं नाव घेईन.

आता मारबतीकडे येतो. नागपूरबाहेरच्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा. लहान पोट्टे लाकडी नंदी सजवून दारोदार फिरतात. त्याच दिवशी मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. म्हणजे लोकमान्यांच्या १८९३ च्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्याही आधी नागपूरकर रस्त्यावर मूर्ती घेऊन एकत्र येत होते. पिवळी मारबत तऱ्हाणे तेली समाजाची. तिची आधी पूजा होते, बाया लेकरांना घेऊन पाया पडायला जातात. नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी समोरासमोर येतात, दोघींची गळाभेट होते, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. "घेऊन जा गे मारबत" म्हणत गावाची रोगराई, इडापीडा तिच्यासोबत गावाबाहेर काढायची आणि शेवटी तिला जाळायचं.

आणि मारबतीच्या मागेपुढे बडगे. बांबूच्या कमच्या, तणस, सुतळी, कागद, मैद्याची खळ आणि जुने कपडे. कळमन्यात बारदान्याला तोटा नाही, म्हणून आमच्या बडग्याचं अंग नेहमी पोत्याचं. त्याच्या गळ्यात पाटी. महागाई, भ्रष्टाचार, डेंग्यू, हुंडा, पेपरफुटी, आतंकवाद. त्या वर्षी लोकांच्या डोक्यात जे असेल ते. वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचणार नाही असा माणूसही बडग्याची पाटी वाचतो. पाटी वाचता येत नसेल तर चेहरा पाहून समजतो.

एवढं कौतुक झालं. आता मला खरं जे सांगायचं आहे ते.

काळी मारबत म्हणजे बाकाबाई, असं आपण लहानपणापासून ऐकतो. भोसल्यांच्या घराण्यातली बाकाबाई इंग्रजांना मिळाली, म्हणून लोकांनी तिचा काळा पुतळा काढला. मी पन्नाशी गाठेपर्यंत मला एवढंच माहीत होतं. मग एकदा पायाचं हाड मोडलं, दोन महिने घरी होतो, मुलाने लायब्ररीतून नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासाची पुस्तकं आणून दिली. ती वाचली आणि मी जरा गप्पच झालो.

बाकाबाई ही दुसऱ्या रघुजींची राणी. १८१८ नंतर इंग्रजांनी लहान वयाच्या तिसऱ्या रघुजींना गादीवर बसवलं, तेव्हा वाड्याचा कारभार तिच्याकडे आणि राज्याची सूत्रं रेसिडेंटच्या हातात होती. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारले. औरस वारस नाही, हे निमित्त करून डलहौसीने १८५४ ला राज्य खालसा केलं. हत्ती, घोडे, दागिने लिलावात गेले. तेव्हा राण्यांनी तक्रारी केल्या, अर्ज केले, बाकाबाई त्यात होती. आणि जून १८५७ मध्ये नागपूरच्या घोडदळात उठावाची तयारी झाली, तेव्हा याच बाकाबाईने आपल्या माणसांना, इंग्रजांविरुद्ध उठू नका, असं बजावलं. उठाव फसला, पुढाऱ्यांना फाशी झाली. पुढच्या वर्षी, १८५८ ला, म्हातारी बाकाबाई वारली.

म्हणजे पुतळा निघाला तेव्हा तिला जाऊन तेवीस वर्षं झाली होती.

तिने केलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. फाशी गेलेल्यांच्या घरच्यांनी तिला कशी माफी द्यायची? लोकांचा राग खरा होता, आणि गुलाम माणसाला राग काढायला एक चेहरा लागतो. इंग्रज साहेबाचा चेहरा रस्त्यावर जाळला असता तर तुरुंग होता. बाकाबाईचा जाळता येत होता. पण त्यामुळे झालं असं की राज्य गिळणारा डलहौसी आज नागपुरात कोणाला आठवत नाही. बाकाबाई मात्र दरवर्षी जळते. राज्य गेलं म्हणून तक्रार करणारी बाकाबाई पुस्तकात राहिली, काळी बाकाबाई रस्त्यावर आली. पुस्तक किती लोक वाचतात आणि मारबत किती लोक पाहतात, ते तुम्हीच पाहा.

चित्राची ताकद म्हणतात ती ही. निकाल एकदा रंगवला की अपील नाही.

ट्रम्पच्या देशाचीही एक गोष्ट सांगतो. आपली काळी मारबत सुरू होण्याच्या दहा वर्षं आधी, १८७१ ला, न्यूयॉर्कमध्ये ट्वीड नावाचा एक पुढारी होता. शहराचा खजिना त्याच्या टोळीने धुऊन नेला होता. कागदावर सगळं नीट, पोलीस-कोर्ट खिशात. 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकात थॉमस नास्ट नावाचा चित्रकार दर आठवड्याला त्याची व्यंगचित्रं काढायचा. ढेरपोट्या ट्वीड, डोक्याच्या जागी पैशाची थैली. ट्वीड म्हणे वैतागून बोलला होता की पेपरात काय छापतात त्याची मला फिकीर नाही, माझ्या लोकांना वाचता येत नाही, पण चित्रं तर दिसतात! हे वाचलं तेव्हा मला आमच्या निवडणूक चिन्हांची आठवण आली. पुढे ट्वीडला शिक्षा झाली, १८७५ ला तो पळाला, आणि १८७६ ला स्पेनमध्ये सापडला. ओळखलं कशावरून? नास्टच्या चित्रावरून. १८७८ ला तो तुरुंगातच मेला.

इथपर्यंत वाचून मी खूश झालो होतो. पाहा, पेंटरने चोर पकडला! पण त्याच नास्टने त्याच १८७१ मध्ये आणखी एक चित्र काढलं. नाव काय तर 'अमेरिकेची गंगा नदी'. नदीतून मगरी काठावरच्या शाळेतल्या लेकरांकडे सरपटत येत आहेत, आणि नीट पाहिलं तर त्या मगरी म्हणजे कॅथलिक बिशप, डोक्यावरच्या उंच टोपीचाच मगरीचा जबडा झालेला. तेव्हा आयर्लंडमधून उपाशीपोटी आलेले गरीब कॅथलिक लोक अमेरिकेत मजुरी करत होते. नास्ट त्यांना माकडाच्या तोंडाचं काढायचा. आपली गंगा त्याला कशाला लागली? तर रानटीपणा दाखवायला.

हात तोच, शाई तीच, साप्ताहिक तेच. एका चित्राने चोर पकडला, दुसऱ्याने गरिबाच्या अख्ख्या जातकुळीवर शिक्का मारला. पाहणारे दोन्हीवर सारखेच हसले असतील.

मी नास्टला नावं ठेवतो आहे, पण मला तो अधिकार नाही. का नाही, ते आता लिहितो. अठ्ठावीस वर्षं झाली, हे मी कधी उघड बोललो नाही.

१९९७ साल. यार्डात शेतकऱ्यांची वजनात लूट होते अशी बोंब होती. आमच्या मोहल्ल्याच्या पोरांनी ठरवलं, यंदा बडग्या 'काटामार'चा. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, हात चालायचा, अंगात मस्ती. पोरं म्हणाली, "पेंटरभाऊ, चेहरा असा पायजे का लोकायनं पाहूनच वळखलं पायजे." मी विचारलं, कोणाचा? त्यांनी एका मापाऱ्याचं नाव घेतलं. त्या अडतीत काट्याजवळ उभा राहून वजनाचा आकडा ओरडणारा माणूस. बारीक अंगाचा, डाव्या गालावर मोठा तीळ, गळ्यात चौकड्याचा दुपट्टा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पेंटरला याहून सोपा चेहरा मिळत नाही. मी एका रात्रीत काढला. तीळ, दुपट्टा, दोऱ्याची काडी, सगळं. हातात वाकडा काटा दिला.

बडग्या तुफान चालला. लोक बोट दाखवून हसत होते. कळमन्याचे हमाल तर नाचलेच. मलाही खांद्यावर उचललं. त्या दिवशी वाटलं, आपणही आर्टिस्ट आहोत.

त्या मापारी काकांचं नाव त्या दिवशी संपलं. यार्डात, पानठेल्यावर, बसमध्ये, सगळीकडे 'बडग्या'. पोरं मागून ओरडायची. दिवाळीपर्यंत त्यांनी काम सोडलं आणि भाजीचा ठेला लावला. तिथेही गिऱ्हाईक काट्याकडे पाहून हसायचं.

दोनेक वर्षांनी त्या अडतीच्या घरातच वाटणीवरून भांडण झालं आणि भावाभावांनीच एकमेकांची उणीदुणी चव्हाट्यावर काढली. वजनाच्या पारड्याखाली शिशाचा तुकडा चिकटवला जायचा. चिकटवायचा मालक, सकाळी कुलूप उघडल्यावर, हमाल-मापारी यायच्या आधी. मापारी फक्त समोर दिसेल तो आकडा ओरडायचा. दिवसभर उभं राहून, दर पोत्यामागे मिळतील त्या पैशांसाठी.

मी हे ऐकलं आणि काय केलं? काही नाही. मनात म्हटलं, चला, बडग्या तर कधीच जळला.

२०१६ ला एक पोरगी माझ्याकडे आली. शिवणकामाचं दुकान टाकलं होतं, शटरवर नाव टाकायचं होतं. फ्लेक्स उन्हाने एका वर्षात विटतो, म्हणून हाताने लिहून हवं होतं. मी काम करत होतो, ती बाजूला स्टुलावर बसली होती. शेवटचं अक्षर संपताना म्हणाली, "काका, तुमचा हात अजून तसाच आहे."

मी म्हटलं, "तू कुठं पाहिला बाई माझा हात?"

"मारबतीत. मी सात वर्षांची होती. मामाच्या खांद्यावर बसून पाहत होती. सगळे ओरडत होते म्हणून मी पण ओरडली. मग बडग्या जवळ आला." जरा थांबून म्हणाली, "तीळ तुम्ही बरोबर डाव्या गालावर काढला होता."

मला वर पाहता येईना. मी ब्रश रॉकेलमध्ये धूत राहिलो, स्वच्छ झाला तरी धूत राहिलो. शेवटी विचारलं, बाबा कसे आहेत? म्हणाली, "गेले. दोन हजार अकराला." पैसे घेत नाही म्हटलं तर ऐकेना. "काम केलं ना तुम्ही? मग घ्या," म्हणाली. पाचशेची नोट होती. ती मी किती दिवस मोडली नाही.

ती भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून कोणतंही चित्र पाहिलं की मी आधी पाहतो, हे चित्र कोणाच्या खांद्यावरून पाहिलं जाईल. २०१२ चा वाद आठवा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ चं एक व्यंगचित्र होतं. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब, हातात चाबूक, मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. घटना तयार व्हायला उशीर होतो, हा त्याचा विषय. त्यावरून मे महिन्यात संसदेत गोंधळ झाला. पुण्याचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले. पळशीकरांच्या विद्यापीठातल्या खोलीची तोडफोडही झाली. तोडफोड मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. खुर्च्या मोडून चित्राला उत्तर मिळत नाही. पण आमच्या शेजारच्या वस्तीतला एक कॉलेजचा पोरगा तेव्हा जे बोलला होता ते मला २०१६ नंतर समजलं. तो म्हणाला होता, "दादा, १९४९ ला ते चित्र बाबासाहेबांच्या बरोबरीच्या लोकांनी पाहिलं. वर्गात ते माझ्या बाजूला बसलेली पोरं पाहतात, आणि मग माझ्याकडे पाहतात."

चित्र तेच. साठ-बासष्ट वर्षांनी पाहणारा बदलला, बाक बदलला. दरवर्षी १४ एप्रिलला मी बाबासाहेबांचा निळा कोट रंगवतो, पुस्तकाची कड सोनेरी करतो. दीक्षाभूमीच्या या शहरात त्या चित्राचं मोल काय, ते मला कोणी शिकवायला नको. ज्या लोकांचे चेहरे शेकडो वर्षं कोणी काढलेच नाहीत, त्यांना त्यांचा चेहरा कोण कसा काढतो याची काळजी वाटणारच.

आता यंदाचं.

आमच्या मोहल्ल्यात वीजबिलावरून लोक तापलेले आहेत. मीटर बदलले, बिलं फुगली, असं प्रत्येक घरात ऐकू येतं. पोरं म्हणाली, काका, यंदा बडग्या मीटरचा. मी म्हटलं, छान. संध्याकाळी स्केच घेऊन आले, त्यात मीटर कुठेच नाही. वीज कापायला येतो तो कंत्राटी पोरगा काढलेला. त्याची लाल टोपी, पाठीवरची बॅग, कानातली बाळी. तिघा-चौघांनी तर त्याचा मोबाइलमधला फोटोही दाखवला.

मी म्हटलं, "हा चेहरा मी काढणार नाही."

"काहून काका? तोच तर येते ना लाईन कापाले!"

"येते तोच. पण मीटर त्यानं बनवलं का? दर त्यानं ठरवला का? त्याले महिन्याचे किती भेटते, विचारलं का कधी?"

एक पोट्टा हुशार आहे, त्याने बरोबर वर्मावर बोट ठेवलं. "काका, मीटरले चेहरा नसते. लोक हसतीन कायच्यावर?"

खरं सांगतो, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अन्याय करणारी वस्तू फार वेळा अशीच असते, बिनचेहऱ्याची. दर कुठे तरी एसीच्या खोलीत ठरतो, सही कोणाची ते आपल्याला दिसत नाही. दिसतो तो दारात आलेला माणूस. १८८१ ला दिसली बाकाबाई. १९९७ ला दिसला मापारी. आज लाल टोपीवाला. पेंटरला सोपं तेच पडतं. ओळखीचा चेहरा, एक तीळ, एक बाळी, झालं काम. जो दिसत नाही त्याला दिसेल असा काढणं, हे खरं काम, आणि ते अवघड.

मग मी पहिल्यांदा त्या पोरांना मापारी काकांची गोष्ट सांगितली. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मीटरच काढलं. माणसाएवढं. आकड्यांच्या जागी दोन डोळे, तोंडाच्या फटीतून शंभराच्या नोटा आत जाताहेत, आणि मागून एक कोटाची बाही मीटरला चावी देते आहे. बाहीला चेहरा नाही, पण कफलिंक चकचकीत. पाटीवर एका पोरीने लिहिलं, 'हात दिसते, माणूस शोधा'.

चाललं का? ट्रम्पच्या मानाने काहीच नाही. कोणी व्हिडिओ काढला नाही. पण एक म्हातारी आली, बाहीकडे पाहत राहिली आणि पोरांना विचारलं, "कोण आहे बाप्पा हा?" मला तेवढं पुरलं. १९९७ ला माझ्या बडग्याने लोकांना उत्तर दिलं होतं, तेही चुकीचं. यंदाच्याने निदान प्रश्न विचारायला लावला.

गुरुजी, आता तुमच्या प्रश्नाकडे. ट्रम्पला समजणार नाही, हे मान्य. बडग्याने टॅरिफ कमी होत नाही, हेही मान्य. बडग्या ज्याचा आहे तो मोठा असेल तर त्याच्यावर परिणाम होत नाही. परिणाम पाहणाऱ्यांवर होतो. शनिवारी खांद्यावर बसून ज्या लेकरांनी तो पुतळा पाहिला त्यांना एवढं समजलं की जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसालाही नाव ठेवता येतं, त्याच्यावर हसता येतं. हे छोटं शिक्षण नाही.

पण एक गोष्ट मी माझ्याच लोकांना सांगतो. ट्रम्प काढायला हिंमत लागत नाही. तो लांब आहे, आपल्या दारात येणार नाही. कळमन्याला टॅरिफ काही नवीन नाही. २०१९ पासून बांगलादेशने आपल्या संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवत नेलं, तेव्हा यार्डात संत्र्याच्या ढिगाजवळ शेतकरी डोकं धरून बसलेले मी पाहिलेत. आणि याच ऑगस्टमध्ये, ट्रम्पचा पुतळा तयार होत होता त्याच आठवड्यात, आपल्या सरकारने बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढून टाकलं. गिरण्यांना सोय झाली असेल. पण विदर्भातल्या कापूसवाल्याचं काय? त्याचा बडग्या शनिवारी माझ्या नजरेला पडला नाही. असेलही कुठे. पण ट्रम्पभोवती होती तेवढी गर्दी त्याच्याभोवती नक्की नव्हती.

म्हणून माझ्यापुरते मी दोन नियम केले आहेत. लांबच्या मोठ्याला काढलं तर जवळच्या मोठ्यालाही काढायचं. आणि आपल्यापेक्षा लहान माणसाचा चेहरा बडग्यावर कधीच चढवायचा नाही, गर्दी कितीही म्हणाली तरी.

मारबत आपली आहे. ती तशीच राहावी, वाढावी असंच मला वाटतं. फक्त पुढच्या वर्षी तुमच्या मोहल्ल्यात बडग्याचं ठरेल तेव्हा पोरांना एकदा विचारा, हा चेहरा कोणाचा, आणि याच्या घरचं लेकरू त्या दिवशी कोणाच्या खांद्यावर बसलेलं असेल.

त्या मापारी काकांची मुलगी फेसबुकवर आहे की नाही, मला माहीत नाही. असेल आणि हे वाचत असेल तर, बाई, शटरवरचा रंग आता उडला असेल. निरोप पाठव. मी येऊन परत लिहून देतो. या वेळी पैशाचं तू बोलू नको.